पहिल्या नंबरचं गाव : मणिबेली

कुणाच्या चुली आवरल्या असतील, कुणी अजून भाकरी थापत असेल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपण आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचा इतिहास आणि भूगोल सांगणार आहोत. शाळेच्या पुस्तकात तो नव्हता, म्हणून आपणच सांगायचा.

निवडणूक आली की मणिबेलीचं नाव बातम्यांत येतं. विधानसभेचा राज्यातला १ नंबरचा मतदारसंघ अक्कलकुवा, लोकसभेचा १ नंबरचा नंदुरबार, आणि मतदान केंद्रांच्या यादीत पहिलं नाव मणिबेली. मतदानाची यंत्रं आणि कर्मचारी बार्जमध्ये बसून पाण्यावरून तिथे पोचतात. त्याचा फोटो छापून येतो. मतदान झालं, पेट्या परतल्या, की गावाचं नाव पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणी घेत नाही.

मणिबेलीला आणखी एक पहिला नंबर मिळाला आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव हेच. हा नंबर गावाने मागितला नव्हता. तो कसा मिळाला, आणि मोजणी करणाऱ्यांच्या वहीत कोण आलं, कोण राहून गेलं, तेवढंच आज बोलू.

आधी गाव कुठे आहे ते पाहू. नर्मदा अमरकंटकच्या डोंगरात उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. यातली बहुतेक वाट मध्य प्रदेशातून जाते. मग ३५ किलोमीटर ती मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यामधून वाहते, पुढचे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामधून, आणि त्यानंतर पूर्ण गुजरातची होते. म्हणजे आपल्या राज्याला ती नुसती शिवून जाते. इकडच्या काठावर आपण, पलीकडे दुसरं राज्य. या खोऱ्यातली आपली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात धरली गेली. त्यातली २४ अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली आणि ९ अक्कलकुवा तालुक्यातली. धरणाच्या भिंतीकडून नदीने वर येऊ लागलं की या ३३ गावांतलं पहिलं लागतं ते मणिबेली.

इथे सातपुडा थेट नदीत उतरतो. काळ्या दगडाचे उभे डोंगर, मधूनमधून ओढे आणि जरा कुठे सपाटी दिसली की तिथे शेत. म्हणून इथलं गाव देशावरच्या गावासारखं एका जागी दाटीने वसलेलं नसतं. डोंगराच्या एकेका सोंडेवर एकेक पाडा. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर ओढा उतरून पुन्हा चढ चढायचा. घरं बांबूच्या कुडाची, वरून मातीने लिंपलेली. कूड लिंपणं हे बाईचं काम, आणि घर किती वर्षं टिकलं याचा हिशोबही तिच्याकडेच.

मणिबेलीत तडवी आणि वसावे कुटुंबं राहत आली. डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर. पावसाळा सरला की नदी मागे हटायची आणि काठावर मऊ गाळ सोडून जायची. त्या गाळात भाजीपाला, वेल, कडधान्य लावायचं. ही गाळपेर जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. पण कुठला तुकडा कुणी पेरायचा हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात मोहाची फुलं, मग टोळंबी, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं. नदीत मासे. बाजारातून आणायचं ते मीठ, कापड आणि लोखंड. शेतात मोठं काम निघालं तर लाहा घालायचा. सगळ्या पाड्याने येऊन हात लावायचा आणि यजमानाने जेवू घालायचं. मजुरीचा पैसा त्यात नव्हता.

आणि सोयरिकी नदीपलीकडच्या. मुलगी पलीकडे द्यायची, सून पलीकडून आणायची. डुंगीत, म्हणजे लहान होडीत, बसलं की थोड्या वेळात माहेर. आपण आज राज्याची हद्द म्हणतो ती त्या काळात बायांसाठी माहेरची वाट होती. देवांनाही हद्द नव्हती. याहा मोगीला आपण आई मानतो. तिचं ठाणं देवमोगरा आज गुजरातेत आहे, तरी महाशिवरात्रीला आपल्याकडच्या बाया टोपल्या घेऊन तिथे जातातच. होळी काठीची, तीही सगळ्या डोंगराची.

मणिबेलीच्या काठाशी शूलपाणेश्वराचं जुनं दगडी देऊळ होतं. नर्मदेची परिक्रमा करणारे साधू आणि यात्रेकरू तिथे थांबायचे. त्यांच्या पुस्तकांत आणि गोष्टींत या भागाला शूलपाणीची झाडी म्हणतात, आणि या झाडीत भिल्ल यात्रेकरूंना लुटतात, अंगावरचे कपडेसुद्धा ठेवत नाहीत, असं वर्णन येतं. आपल्या लोकांचा इतिहास बाहेरच्यांनी लिहिला तो असा. लुटीची गोष्ट सगळीकडे पोचली. त्याच झाडीत कुणी यात्रेकरूला घोटभर पाणी दिलं, आजाऱ्याला ओसरीत झोपवलं, ते फारसं कुणी लिहिलं नाही.

आता राजवटींचं थोडक्यात. या डोंगरात मेवासी संस्थानं होती, त्यात काठीचं नाव मोठं. इंग्रजांनी १८१८ नंतर खानदेश घेतला, १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली आणि डोंगराला ताब्यात आणायला सुरुवात केली. मग जंगल खातं आलं. काठावरच्या माणसाच्या आयुष्यात सर्वांत मोठा बदल झाला तो इथे. ज्या उतारावर पणजीने भगर पेरली तो उतार कागदावर ‘वन’ झाला आणि तिची नातसून अतिक्रमण करणारी ठरली. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, आपण पश्चिम खानदेशात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा आपल्या भागातली दीडशेहून अधिक गावं गुजरातला जोडली गेली. मणिबेली महाराष्ट्रात राहिलं, पण अगदी कडेला. पुढे जिल्हा धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार. पाट्या बदलत गेल्या. गावात जायला रस्ता मात्र कुठल्याच पाटीबरोबर आला नाही.

राज्य वेगळं होऊन वर्ष व्हायच्या आत, ५ एप्रिल १९६१ ला, पंडित नेहरूंच्या हस्ते नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसली. कोणाला किती पाणी, भिंत किती उंच, यावर राज्यांचं भांडण लागलं. १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला आणि दहा वर्षांनी, १९७९ च्या डिसेंबरात, त्याने निवाडा दिला. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. गुजरातला ९० लाख एकर-फूट पाणी, महाराष्ट्राला अडीच लाख. विजेतला आपला वाटा २७ टक्के. या पाण्यावर कच्छ-सौराष्ट्रातल्या तहानलेल्या गावांचा हक्क नाही असं कुणी म्हणणार नाही. हंडा घेऊन मैलभर चालणारी बाई तिथेही आहे, तिचं दुःख आपल्याला कळतं. प्रश्न एवढाच होता, की तिच्या हंड्यासाठी जिचं घर बुडणार तिला विचारलं का, आणि मोजलं का.

मोजणीचं बघू. बुडितात महाराष्ट्राची ९,५९९ हेक्टर जमीन धरली गेली. त्यात शेती १,५१९ हेक्टर, जंगल ६,४८८ हेक्टर आणि बाकीची नदीपात्रातली. आकडे नीट ऐका. शेतीच्या चौपट जंगल. आता आपण मघाशी बोललो ते आठवा. त्या ‘जंगला’त कितीतरी उतार पेरले जात होते. नदीपात्र म्हणून लिहिलं त्यात गाळपेर होती. ज्यावर पोट चालत होतं त्यातलं बरंच कागदावर शेती नव्हतंच. म्हणून पहिली लढाई झाली ती ‘आम्ही इथे पेरतो’ एवढं सिद्ध करण्याची.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. लवादाने चांगली तरतूद केली होती. ज्याची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर. पण कुटुंब कोणाला म्हणायचं? नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि घरप्रमुखावर अवलंबून असलेली माणसं, जशी विधवा आई. सज्ञान मुलगा असेल तर त्याचं कुटुंब वेगळं मोजायचं. सज्ञान मुलीबद्दल एक शब्द नाही. एका घरात वीस वर्षांचा भाऊ आणि बावीस वर्षांची बहीण असेल, तर भाऊ एक कुटुंब आणि बहीण कुणीच नाही. नवऱ्याने टाकलेली, माहेरी परतलेली, लग्न न केलेली, अशा बाया आपल्या प्रत्येक पाड्यावर असतात. नदीकाठी त्यांना गाळाचा तुकडा होता, मोहाचं झाड होतं, त्यावर त्यांचं भागत होतं. यादीत मात्र त्यांना खातं नव्हतं. पुढे महाराष्ट्र सरकारने अविवाहित सज्ञान मुलींना एक हेक्टर जमीन द्यायचं ठरवलं. हे मोठं पाऊल होतं, आणि ते मागून, भांडून, मोर्चे काढून मिळालं. आपल्या मुलींना हे सांगा. हक्काच्या कागदावर बाईचं नाव आपोआप येत नाही, ते कुणीतरी लिहायला लावावं लागतं.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्याच सुमारास मेधाताई पाटकर खोऱ्यात आल्या, गावोगाव बैठका सुरू झाल्या आणि त्यातून नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं. भिंत वाढत होती आणि पहिला नंबर मणिबेलीचा होता. म्हणून १९९१ च्या पावसाळ्यात सत्याग्रहाची जागा मणिबेली ठरली. तिथे ‘नर्मदाई’ नावाची झोपडी उभी राहिली. पाणी चढलं तरी उठायचं नाही असं ठरवून माणसं बसली. १९९२ मध्ये पोलीस बंदोबस्तात घरं हलवली गेली. त्या दिवसांत पुढे उभ्या राहिल्या त्या बाया. त्यांतल्या कित्येकींनी तोवर तालुक्याचं गावही पाहिलं नव्हतं. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या भागात सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला आणि एक कोवळा पोरगा गेला. १९९४ च्या पावसाळ्यात शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं. देवाचं नवं देऊळ गुजरातेत गोऱ्याला बांधलं आहे.

त्याच काळात आपल्या या लहान गावाचं नाव कुठवर गेलं ते ऐका. जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या जूनमध्ये समितीने अहवाल दिला, की आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होऊ शकत नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घ्यायचं नाही असं कळवलं आणि बँक या धरणातून बाहेर पडली. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी एक जाहीरनामा काढला. लोकांना बळजबरीने हलवणाऱ्या मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये आणि आधी झालेल्या धरणांची तपासणी व्हावी, असं त्यात म्हटलं होतं. त्या जाहीरनाम्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. पुढे १९९८ मध्ये धरणांवरचा जागतिक आयोग बसला, त्यामागे अशा मागण्यांचा रेटा होता. ज्या गावाला रस्ता नव्हता त्याचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर होतं.

त्या आयोगाने जी धरणं तपासली त्यात थायलंडमधलं एक होतं, मून नदीवरचं पाक मून. तेही जागतिक बँकेच्या कर्जातून झालं आणि १९९४ मध्ये पुरं झालं. तिथले काठावरचे लोक मासेमारीवर जगणारे. भिंतीने माशांची वरची वाट अडली, जाळी रिकामी येऊ लागली. गावकरी बायापोरांसह धरणापाशी वस्ती करून बसले. अखेर २००१ मध्ये वर्षभरासाठी दारं उघडली आणि मासे परत वर चढले. थाई भाषेत नदीला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो पाणी-आई. आपणही नर्मदेला आईच म्हणतो. इतक्या लांबच्या बायांचं आणि आपलं दुखणं एकच निघालं.

आपल्या नदीची दारं मात्र उघडली नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिंत ८०.३ मीटरवर थांबवली. १९९९ मध्ये थोडी वाढवायला परवानगी मिळाली. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने, पुनर्वसन होईल तसतसं धरण टप्प्याटप्प्याने वाढवा, असं सांगितलं. २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर गेली. १७ सप्टेंबर २०१७ ला लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला टेकलं. भिंतीखाली, थोड्याच अंतरावर, १८२ मीटर उंच पुतळा उभा आहे. तो बघायला देशभरातून गाड्या भरून माणसं येतात.

मणिबेलीची माणसं तीन ठिकाणी विखुरली. काही आधीच गुजरातेत परवेट्याला गेली. काही तळोदा तालुक्यात उतरली. तिथे जंगलाची ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करून सोमावल, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती झाल्या. आणि काही माणसं डोंगर सोडून गेलीच नाहीत. पाणी जसं चढलं तशी घरं वर सरकवत तिथेच राहिली. वसाहतीत गेलेल्यांना रस्ता, शाळा, बाजार जवळ मिळाला हे खरं आहे. पण सरपण विकत, चारा विकत, भाजी विकत. मोह नाही, मासे नाहीत. नदीवर हिशोब चालत होता तो आता पैशावर आला, आणि घरातला पैसा बहुतेक पुरुषाच्या खिशात असतो.

वर राहिलेल्यांचं दुसरं. डोळ्यांपुढे समुद्रासारखं पाणी, आणि प्यायला ओढ्यातल्या झिऱ्यावर जायचं. पाणी उतरलं की काठाला कमरेएवढा गाळ. त्यात गुरं फसतात. मगरींची भीती वेगळीच. डुंगी चालवायची तर वारा बघायचा, पात्र इतकं रुंद झालंय. पलीकडचं माहेर तिथेच आहे, पण आता लांब गेलं. बाळंतीण अडली तर बांबूची झोळी किंवा बार्ज. पाण्यावरचा तरंगता दवाखाना आहे, तो वेळेवर भेटला तर नशीब. विजेतला २७ टक्के वाटा राज्याला मिळाला. काठावरच्या पाड्यांनी चिमणी लावूनच कित्येक वर्षं काढली.

तरी याच काठावर जीवनशाळा सुरू झाल्या. सुरुवात १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत, चिमलखेडी आणि निमगव्हाणला. सरकारी शाळा कागदावर होती, गुरुजी येत नव्हते. मग लोकांनीच बांबूची शाळा बांधली. मुलं पावरी, भिलोरीतून शिकू लागली, मग मराठी. शाळा पाण्यात गेली की पुन्हा वर बांधायची. त्यातून शिकलेल्या पोरीपोरं आज शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, काही खेळांत पुढे गेली आहेत.

आता आमचं काम सांगतो, आणि तुमच्याकडून काय हवं तेही.

आमच्या गटातल्या दोघींची माहेरं काठावरची. त्यांच्याबरोबर आम्ही बार्जमधून गेलो. नावाडी शांत पाण्यावरून नेत होता आणि आमच्यातली एक बोट दाखवत होती. इथे खाली मोठा आंबा, इथे कपडे धुवायचा दगड, इथे बाजार करून परतताना बसायची जागा, इथे आजीला पुरलं. आम्हाला फक्त पाणी दिसत होतं. तिच्यासोबत तिची मुलगी होती, तिलाही फक्त पाणी दिसत होतं. १९९३ नंतर जन्मलेल्यांनी नदी पाहिलीच नाही, त्यांनी जलाशय पाहिला. ती परत येताना बराच वेळ गप्प होती. मग तिने आईला विचारलं, त्या आंब्याचं नाव काय होतं. आमच्याकडे आंब्यांनाही नावं असतात.

त्या दिवसापासून आम्ही नावं गोळा करतोय. ओढ्यांची, खडकांची, झाडांची, डोहांची, गाळाच्या तुकड्यांची. सरकारच्या यादीत घरं, झाडं, विहिरी मोजल्या गेल्या, त्यांची भरपाई ठरली. या नावांना भरपाई नव्हती, म्हणून ती कुठेच लिहिली गेली नाहीत. ती आहेत फक्त साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायांच्या डोक्यात. पाणी आणायला, सरपणाला, मासे धरायला त्याच फिरत होत्या. त्यातली एक गेली की गावाचा एक तुकडा दुसऱ्यांदा बुडतो.

या नावांचा उपयोग फक्त आठवणीपुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्यासाठी गावातल्या ज्येष्ठांचं म्हणणं पुरावा म्हणून धरता येतं. आमची पणजी कुठला उतार पेरत होती, त्याला काय म्हणत होते, शेजारी कुणाचं शेत, हे सांगता आलं तर दावा भक्कम होतो. आणि दाव्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालायची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती नीट तपासून घ्या. अंगठा देण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही वसाहतीत असा की डोंगरावर, घरातल्या म्हाताऱ्या आजीजवळ आज रात्री बसा. मोबाइल असेल तर त्यात आवाज भरा, नसेल तर पोरीच्या वहीत लिहून घ्या. गावाच्या वरच्या टोकापासून नदीपर्यंत चालत चालत सांगायला लावा. आधी काय लागायचं, मग काय लागायचं. आजीच्या बोलीतच लिहा, मराठीत फिरवू नका. बाजाराच्या दिवशी ते आमच्याकडे आणून द्या. आम्ही ते याच रेडिओवर वाचू, गावाचं आणि सांगणाऱ्या आजीचं नाव घेऊन.

सुरुवात मणिबेलीपासून करू. यादीत ते पहिलं आहेच.

येते आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.